गिटारच्या ॲम्पमधली घूंघूं जाते आणि परत येते, तेव्हा काय करायचं

तालमीचा पहिला तास स्वच्छ जायचा. दुसऱ्या तासात कधीतरी, बहुतेक वेळा एखादं संथ गाणं चालू असताना, ॲम्पमधून झर्र असा आवाज सुरू व्हायचा. केबल काढून परत खोचली की जायचा. दहा मिनिटांनी पुन्हा हजर. मी केबल बदलली, आठवडाभर बरं वाटलं, परत आला. पेडलांचा, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावायच्या, आवाज बदलणाऱ्या छोट्या डब्यांचा, पॉवर सप्लाय बदलला, काही दिवस बरे गेले, परत आला. असे चार महिने काढल्यावर दोष सापडला तो गिटारच्या पाठीमागच्या झाकणाखाली, टाचणीच्या डोक्याहून जरासाच मोठा असलेल्या सोल्डरच्या एका ठिपक्यात.

या चार महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली. येऊन-जाऊन असणाऱ्या दोषात वस्तू बदलून बघणं फार फसवं असतं. केबल बदलताना गिटार हलते, जॅक हलतो, आपण जागेवरून उठतो, कधी ॲम्प बंद करून चालू करतो. त्यातल्या कशाने तरी आवाज तात्पुरता थांबतो आणि श्रेय मात्र नव्या वस्तूला जातं. म्हणून काहीही विकत घेण्याआधी दोन कामं करा. आवाज नेमका कोणता आहे ते ओळखा, आणि गिटारपासून स्पीकरपर्यंतची साखळी एकेका जागी तोडून तो कुठून येतो ते पाहा.

आवाजाला आधी नाव द्या

सगळ्यालाच 'हम' म्हणून टाकलं तर पुढची वाट सापडत नाही. खोल, गोल, एकसुरी घूं वेगळी. टोकदार, खरखरीत झर्र वेगळी. वाऱ्यासारखी सूं वेगळी. बारीक, कानात घुसणारी चीं वेगळी. आणि हलवल्यावर येणारी खर्र-टप्प तर अगदीच वेगळी.

घूं असेल तर तिचा सूर गिटारवरच शोधा. घरातली वीज काही देशांत ५० हर्ट्झची असते, काही देशांत ६० हर्ट्झची. जाड ई तारेचा तिसरा पडदा दाबला की जो जी सूर मिळतो, तो ९८ हर्ट्झचा असतो. म्हणजे ५० हर्ट्झच्या देशात घूंघूं जर या सुराशी जवळजवळ जुळत असेल, तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे विजेच्या दुप्पट आहे. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० ची. ६० हर्ट्झच्या देशात दुप्पट म्हणजे १२०, आणि तो सूर त्याच तारेच्या सहाव्या आणि सातव्या पडद्याच्या मध्ये कुठेतरी पडतो. हा फरक कामाचा आहे. विजेच्या मूळ कंपनसंख्येची घूं बहुधा पिकअपने, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकाच्या भागाने, हवेतून ओढलेली असते, नाहीतर ग्राउंड लूपची (तो काय ते शेवटी येईल). दुप्पट कंपनसंख्येची स्वच्छ घूं मात्र ॲम्पच्या किंवा अडॅप्टरच्या आतल्या पुरवठ्याकडे बोट दाखवते, कारण एसीचं डीसी करताना उरलेली लहर दुप्पट वेगाने धडकते. पिकअपही दुप्पट-तिप्पट सूर ओढतात, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरेसा नाही, पण सुरुवात कुठून करायची ते सांगतो.

झर्र म्हणजे बहुतेक वेळा डिमर, स्वस्त एलईडी दिवे, ट्यूबलाइट, नाहीतर कुठेतरी तुटलेलं ग्राउंड. सूं हा बहुतेक वेळा दोष नसतोच. गेन, म्हणजे सिग्नल किती पटीने मोठा करायचा ते, वाढवला की प्रत्येक रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टरची स्वतःची सूक्ष्म सळसळही मोठी होते. तिच्यामागे लागून दिवस घालवू नका. चीं बहुधा डिजिटल पेडलांची. खर्र-टप्प म्हणजे जिथे धातूला धातू टेकायला हवा तिथे तो नीट टेकत नाही: पॉट (नॉबखालचा फिरता भाग), स्विच, जॅक किंवा केबलचं टोक. आणि ॲम्पवर मोबाइल ठेवला असेल तर आधी तो उचला.

अर्थिंगची पिन कधीही काढू नका

शोध सुरू करण्याआधी हे, कारण हा सल्ला अजूनही दिला जातो. दोन ॲम्प जोडले, घूं आली, कुणीतरी म्हणतं, 'एकाची अर्थिंगची पिन काढून टाक, थांबेल.' थांबतेही. पण आता त्या ॲम्पमध्ये काही बिघडून फेज चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, लागली, तर तो करंट अर्थिंगमधून न जाता केबलमधून तुमच्या तारांपर्यंत येतो. तारांवर तुमचा हात आणि समोर ओठांना लागणारा अर्थ केलेला माइक. 'स्टोन द क्रोज'चा गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ मध्ये स्वान्सीच्या मंचावर विजेच्या धक्क्याने गेला. 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरी, अर्थिंग नीट नसलेली गिटार वाजवताना गेला. घूंघूं काढायचे सुरक्षित मार्ग आहेत, पुढे येतीलच. माइकला ओठ लागल्यावर किंवा तारांना हात लावल्यावर जरासा जरी झटका जाणवला, तर तिथेच वाजवणं थांबवा. आधी सॉकेटची आणि ॲम्पची अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्या, मग घूंचं बघू. जुन्या, दोन पिनांच्या प्लगच्या ॲम्पला जाणकाराकडून तीन पिनांची वायर बसवून घ्या.

साखळी तोडत जा

ॲम्पच्या इनपुटमधून सगळं काढा. काहीही खोचलेलं नको. बहुतेक ॲम्पचा इनपुट जॅक रिकामा असताना आतल्या आत ग्राउंडला जोडला जातो, त्यामुळे ॲम्प जवळपास शांत असायला हवा. तरीही घूं असेल तर ती ॲम्पची किंवा त्याच्या पुरवठ्याची. आता व्हॉल्यूमचा नॉब फिरवा. नॉबबरोबर घूं कमी-जास्त होत असेल तर ती नॉबच्या आधीच्या भागातली, म्हणजे बारीक सिग्नल पहिल्यांदा मोठा करणाऱ्या प्रीॲम्पमधली. नॉब शून्यावर आणूनही तेवढीच राहिली तर पॉवर ॲम्प, म्हणजे स्पीकर हलवणारा शेवटचा भाग, किंवा पुरवठा.

ॲम्प शांत असेल तर एकच केबल घ्या, गिटार थेट ॲम्पला जोडा. मध्ये एकही पेडल नको. ट्यूनरसुद्धा नको. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज पूर्ण गेला तर तो पिकअपकडून, म्हणजे गिटारमधून किंवा हवेतून येतोय. शून्यावरही राहिला तर केबल किंवा जॅक बघा. केबल दोन्ही टोकांशी धरून हलकेच वाकवा. टोकापासून दोन-तीन इंचांच्या पट्ट्यात जाळीची वेष्टनतार तुटते, कारण दर वेळी तिथेच वाकते. आतली तार शाबूत आणि बाहेरची जाळी तुटलेली, अशी केबल आवाज देते पण सोबत झर्रही देते, आणि म्हणूनच लवकर संशय येत नाही.

एक बारीक गोष्ट: स्पीकरची केबल आणि गिटारची केबल दिसायला सारखी असते. स्पीकरच्या केबलला जाळीचं वेष्टन नसतं. ती चुकून गिटारला लावली तर अँटेनाच झाली म्हणायची. उलट गिटारची केबल ॲम्प आणि कॅबिनेटच्या मध्ये लावली तर तिची बारीक तार तापते, आणि ट्यूब ॲम्पचं नुकसानही होऊ शकतं.

गिटार आणि केबल थेट जोडल्यावर सगळं शांत असेल, तरच पेडलांकडे जा. तिथेही निम्मी पेडलं बाहेर काढा. आवाज गेला तर तो बाहेर काढलेल्या निम्म्यांत, राहिला तर आतल्या निम्म्यांत. मग त्या निम्म्यांचे परत निम्मे. आठ पेडलं असतील तर तीन वेळा तोडल्यावर एक पेडल उरतं. एकेक काढत बसण्यापेक्षा हे लवकर होतं, आणि घाईत एखादं वगळलं जात नाही.

गिटार: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. पण तेच वेढे भिंतीतल्या वायरचं, ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्रही तितक्याच इमानदारीने पकडतात. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हरने यावर उपाय काढला: दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे आणि चुंबकाची बाजू दुसरीच्या उलट. तारेचा आवाज दोन्हींत सारख्या दिशेने येतो म्हणून जोडला जातो, बाहेरची घूं उलटसुलट येते म्हणून एकमेकींना खाते. असा पिकअप म्हणजे हंबकर. पेटंटसाठी अर्ज १९५५ मध्ये गेला, पेटंट १९५९ मध्ये मिळालं. मधल्या काळातल्या पिकअपच्या तळाला 'पेटंट अप्लाइड फॉर' असं लेबल असायचं, तेच आजही 'पीएएफ' म्हणून ओळखले जातात.

त्यामुळे तुमच्या गिटारवर सिंगल कॉइल असतील तर थोडी घूं राहणार, आणि ती दोष नाही. दोष आहे की स्वभाव, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. ॲम्पवर थोडा गेन ठेवा, तारांवर हात ठेवून स्थिर उभे राहा आणि सावकाश जागच्या जागी वळा, पूर्ण एक फेरी. चुंबकीय घूं असेल तर ती कमी होत होत एका दिशेला जवळजवळ नाहीशी होते, पुढे वळलं की परत वाढते. माझा ड्रमर मित्र एकदा म्हणाला, 'अरे, तू माझ्याकडे तोंड केलंस की आवाज जातो.' तो गमतीत बोलला, पण ते खरंच होतं. त्याच्याकडे तोंड केलं की माझा पिकअप ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र सर्वांत कमी पकडणाऱ्या कोनात यायचा. तुमच्या खोलीत अशी शांत दिशा शोधून जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. ॲम्पपासून दोन पावलं मागे सरकलात तरी फरक कळतो.

तीन सिंगल कॉइलच्या पुष्कळ आधुनिक गिटारींत मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा असतो. पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप एकत्र येतात आणि घूं खाली बसते. तुमची घूं या दोन जागी नाहीशी होत असेल आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या जागी परत येत असेल, तर गिटार ठणठणीत आहे. ती गिटार अशीच आहे. घूं सहन होत नसेल तर घूंमुक्त पिकअप हा उपाय. डेव्हिड गिल्मोरने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या दौऱ्यांत आपल्या लाल स्ट्रॅटोकास्टरवर ईएमजीचे, आत बॅटरीवरचा प्रीॲम्प असलेले पिकअप वापरले होते. आवाजाचा पोत बदलतो, पण मोठ्या मंचावरच्या दिव्यांपुढे तो सौदा वाईट नाही.

आता झर्रची गोष्ट, म्हणजे माझी.

तारांना हात लावला की झर्र कमी होते, हा सगळ्यांचा अनुभव. बरेच जण याला दोष समजतात. तसं नाही. आपलं शरीर खोलीतली विजेची कुजबुज गोळा करत असतं आणि पिकअपच्या अगदी जवळ उभं असतं. तारा ब्रिजमार्गे, म्हणजे त्या गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या धातूच्या भागातून, ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणून तारांना हात लागला की शरीरही ग्राउंड होतं आणि झर्र बसते. हे होत असेल तर तारांचं ग्राउंड जागेवर आहे. तारांना हात लावून काहीच फरक पडत नसेल, पण केबलच्या जॅकच्या धातूला बोट लावल्यावर झर्र कमी होत असेल, तर जॅकपर्यंत ग्राउंड पोचलंय आणि जॅकपासून तारांपर्यंतची वायर कुठेतरी सुटलीय. आणि धातूला हात लावल्यावर झर्र उलट वाढत असेल, तर बहुधा जॅकवर दोन वायरी एकमेकींच्या जागी जोडल्या गेल्या आहेत.

माझ्या गिटारला ट्रेमोलो आहे, म्हणजे दांडा दाबून सूर खाली-वर करता येणारा ब्रिज. असल्या गिटारच्या पाठीमागे एक पोकळी असते. तिच्यात स्प्रिंगा एका टोकाला ब्रिजच्या ठोकळ्यात आणि दुसऱ्या टोकाला लाकडात स्क्रूने बसवलेल्या एका पंज्यासारख्या पोलादी पट्टीत अडकवलेल्या असतात. ग्राउंडची काळी वायर त्या पंज्यावर सोल्डर केलेली असते. तिथून स्प्रिंगांमधून ब्रिजला, ब्रिजमधून तारांना. तो ठिपका मी भिंगातून पाहिला. चांगलं सोल्डर चकचकीत असतं आणि धातूवर पसरून कडेला पातळ होतं. हा राखाडी, दाणेदार होता आणि पंज्यावर पसरण्याऐवजी गोळ्यासारखा बसला होता. वायरभोवती केसाएवढी एक गोल चीर दिसत होती. नखाने वायर ढकलली तर ती गोळ्यात किंचित फिरली.

पोलादी पंजा मोठा असतो, उष्णता शोषून घेतो. छोट्या सोल्डरिंग आयर्नने पंजा पुरेसा तापत नाही, सोल्डर वरच्या वर बसतं, धातूला धरत नाही. अशा सांध्याला 'थंड सांधा' म्हणतात. वर्षानुवर्षं तो कामही देतो, आणि मग ट्रेमोलोच्या दांड्याने स्प्रिंगा थरथरल्या की कधीतरी सुटतो.

मग सगळं जुळलं. आमच्या यादीत दांडा वापरायची संथ गाणी दुसऱ्या तासात होती, म्हणून दुसरा तास. केबल काढून खोचताना गिटारला बसणाऱ्या धक्क्याने वायर परत टेकायची, म्हणून 'केबल खोचली की बरं'. आणि घरी हा आवाज कधीच का आला नाही? तालमीच्या खोलीत दिवे मंद करायचा डिमर होता, घरी नव्हता. डिमर विजेच्या लहरीचा एकेक भाग मधूनच कापतो. त्या कापलेल्या कडा अगदी टोकदार असतात, म्हणून आवाज घूं असा न येता झर्र असा येतो. दिवे निम्म्यावर असताना त्रास सर्वांत जास्त. पूर्ण उजळ किंवा पूर्ण बंद केले की निम्मी लढाई तिथेच संपते. घरीही वायर सुटत असणार, पण आवाज करायला तिथे शेजारी कुणी नव्हतं.

दुरुस्ती सोपी होती. जुनं सोल्डर काढलं, पंज्यावरचा मुलामा सँडपेपरने घासून कोरा धातू उघडा केला, थोडा फ्लक्स लावला, साठ वॅटचं रुंद टोकाचं आयर्न पंज्यावर टेकवून धातूच तापवला आणि सोल्डर आपोआप पसरू दिलं. थंड होईपर्यंत वायर अजिबात हलू दिली नाही. सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून खाली टपकवायचं नाही, तापलेल्या धातूला सोल्डर लावायचं. फरक एवढाच आहे आणि सांध्याचं आयुष्य त्यावरच आहे.

मल्टिमीटर असेल तर गिटार उघडायच्या आधीच पुष्कळ कळतं. केबल गिटारला जोडा, दुसरं टोक मोकळं ठेवा. मीटरचं एक टोक त्या मोकळ्या जॅकच्या बुंध्याला, दुसरं तारेला. एक-दोन ओहमच्या आत आकडा हवा. मग एक टोक बुंध्याला आणि एक जॅकच्या टोकाला लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा. आता पिकअपचा रोध दिसतो: सिंगल कॉइलचा साधारण साडेपाच ते सात किलोओहम, जुन्या धाटणीच्या हंबकरचा सात ते नऊ. आकडा सारखा उड्या मारत असेल तर स्विच किंवा पॉटमध्ये घाण आहे, तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कुठेतरी वायर पूर्ण तुटलीय.

तांब्याच्या पट्टीचं शिल्डिंग करायचं का, हा नेहमीचा प्रश्न. करा, पण काय मिळेल ते समजून करा. पोकळीला तांब्याची पट्टी लावल्याने झर्र कमी होते. चुंबकीय घूं कमी होत नाही, पातळ तांबं तिला अडवूच शकत नाही. दोन दिवस खपून पट्टी लावायची आणि 'काही उपयोग झाला नाही' म्हणायचं, असं होतं ते याच गोंधळामुळे. पट्टीच्या प्रत्येक तुकड्याचा पुढच्याशी विजेचा सांधा हवा. पट्टीखालचा गोंद वीज नेणारा नसेल तर जोडांवर सोल्डरचा एकेक ठिपका द्या. सगळं मिळून एका जागी ग्राउंडला जोडा आणि प्रत्येक कोपरा मीटरने तपासा. सुटा राहिलेला तुकडा काही न लावण्यापेक्षा वाईट. आणि जॅकचं टोक आत गेल्यावर पट्टीला घासत नाही ना, ते बघा, नाहीतर गिटार साफ मुकी होते.

पेडलं

इथली सगळ्यात उपयोगी चाचणी नऊ व्होल्टची बॅटरी. संशयित पेडलाचा अडॅप्टर काढा, बॅटरी घाला, बाकी काही बदलू नका. आवाज गेला तर पेडल निर्दोष, पुरवठा दोषी. डिजिटल पेडलांत बॅटरीची सोय बहुधा नसते. तिथे त्या एकट्या पेडलाला वेगळा अडॅप्टर देऊन बघा.

एका अडॅप्टरमधून माळ काढून सात-आठ पेडलं चालवली तर ॲनालॉग पेडलं सहसा कुरकुर करत नाहीत. त्या माळेत एखादा डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब घातला की चीं सुरू होते, कारण त्याच्या आतल्या घड्याळाचे ठोके सामायिक ग्राउंडवरून सगळ्यांना ऐकू जातात आणि शेजारचं डिस्टॉर्शन ते मोठे करतं. उपाय: डिजिटल पेडल माळेतून बाहेर काढा, किंवा प्रत्येक वाट खरोखर वेगळी असलेला आयसोलेटेड सप्लाय घ्या. नुसते आठ जॅक असलेला डबा आयसोलेटेड असतोच असं नाही. प्रत्येक पेडलाला लागणारे मिलिॲम्पही बघा. तीनशे मागणाऱ्याला शंभर दिले तर ते बंद पडत नाही, कुरकुरत चालतं, आणि तोच आवाज आपण दुसरीकडे शोधत बसतो.

जुन्या धाटणीचं जर्मेनियम फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारं पेडल, असेल तर जास्त जपा. फझ फेस नावाच्या पेडलाच्या पहिल्या आवृत्तीत पीएनपी जातीचे ट्रान्झिस्टर होते आणि त्यात धन बाजू ग्राउंडला होती, बाकी बहुतेक पेडलांच्या बरोबर उलट. असं फझ सामायिक माळेत लावलं तर पुरवठा थेट शॉर्ट होतो. त्याला बॅटरी किंवा पूर्ण वेगळी वाट द्या.

पेडलांमधल्या छोट्या केबली, विशेषतः सोल्डर न करता दाबून बसवलेल्या टोकांच्या, येऊन-जाऊन दोषाचं माहेरघर आहेत. सगळं चालू ठेवून प्रत्येक टोक बोटाने हलकेच ढकला. एखादं खर्रकन बोलतंच.

गेनची प्रत्येक पायरी मागून आलेली घूंही मोठी करते, हे लक्षात ठेवा. जिमी हेंड्रिक्सची साखळी सिंगल कॉइलची स्ट्रॅटोकास्टर, फझ आणि शंभर वॅटचे मार्शल अशी होती. असल्या साखळीत शांत जागी घूं ऐकू येणारच. ती आटोक्यात ठेवायचा जुना मार्ग म्हणजे गिटारचा व्हॉल्यूम नॉब. दोन ओळींच्या मध्ये करंगळीने तो मिटायचा. नॉइज गेट हे काम आपोआप करतं, पण ते घूं काढत नाही, तुम्ही थांबलात की फक्त दार लावतं. सूर चालू असताना घूं त्याच्या खाली तशीच असते. म्हणून गेट सगळ्यात शेवटी, दोष शोधून झाल्यावर. मी ते आधी लावलं होतं आणि त्यामुळे सांध्याची झर्र आणखी महिनाभर झाकली गेली.

ॲम्प

घरी करण्यासारखं इथे थोडंच आहे. ट्यूब ॲम्पच्या आत चारशे-पाचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात. चॅसी उघडू नका. बाहेरून एवढं करा: ॲम्प चालू असताना पेन्सिलच्या मागच्या टोकाने प्रीॲम्पच्या छोट्या ट्यूबांवर हलकी टिचकी मारा. एखादी स्पीकरमधून घंटेसारखी वाजली तर ती मायक्रोफोनिक झालीय, म्हणजे माइकसारखे हादरे पकडतेय. ॲम्प बंद करून, थंड होऊ देऊन तिच्या जागी त्याच क्रमांकाची चांगली ट्यूब घाला. दुप्पट कंपनसंख्येची घूं व्हॉल्यूम शून्यावरही येत असेल तर फिल्टर कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता मोठी, नाहीतर पॉवर ट्यूबांच्या जोडीतली एक ट्यूब थकलीय. जोडी सारखी असताना पुरवठ्याची लहर एकमेकींत मिटते, एक ढिली पडली की ती ऐकू येते. दोन्ही कामं जाणकाराकडे. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प चालू करू नका, चाचणीसाठीसुद्धा नाही.

दोन ॲम्प, इफेक्ट्स लूप, संगणक

एकेकटं सगळं शांत आणि एकत्र जोडलं की घूं, हे ग्राउंड लूपचं लक्षण. दोन उपकरणांची ग्राउंड एकदा सिग्नलच्या केबलमधून आणि एकदा भिंतीतल्या अर्थिंगमधून, अशी दोनदा जोडली जातात, त्यांचं कडं होतं आणि त्या कड्यात करंट फिरतो. पहिला उपाय: सगळं एकाच सॉकेटवरच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. डीआय बॉक्सवरचं (गिटारचा सिग्नल मिक्सरला द्यायचा डबा) ग्राउंड लिफ्टचं बटन दाबायला हरकत नाही. ते सिग्नलची ग्राउंड तोडतं, विजेची अर्थिंग नाही. संगणकावर ध्वनिमुद्रण करताना घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेली तर चार्जर.

गेला म्हणायचं कधी

आवाज थांबला म्हणजे दोष गेला, असं मी आता धरत नाही. आधी तो मुद्दाम आणून दाखवता आला पाहिजे, मगच दुरुस्ती. माझ्या बाबतीत डिमर निम्म्यावर ठेवला, गिटार पालथी करून नखाने ती वायर दाबली-सोडली, आणि झर्र माझ्या नखाबरोबर येऊ-जाऊ लागली. तेव्हाच आयर्न तापवायला ठेवलं. तोवर एका वहीत दर तालमीला चार गोष्टी लिहीत होतो: कुठली खोली, कुठला पिकअप, कुठलं गाणं, दिवे कसे. तिसऱ्या पानावर दांड्याची गाणी डोळ्यांत भरली.

सांधा नव्याने केल्यावर मीटरची एक क्लिप तारेला लावली, दुसरी केबलच्या बुंध्याला, आणि आकड्याकडे बघत पंधरा मिनिटं दांडा खाली दाबत आणि वर ओढत राहिलो. आकडा एकदाही हलला नाही. पुढच्या तालमीला दिवे मुद्दाम निम्म्यावर ठेवले आणि पहिलंच गाणं दांड्याचं घेतलं.